दार दोनदा बसवावे

संसाराला मराठीत ‘घरदार’ म्हणतात. भाषेने घरासोबत दाराची वेगळी नोंद घेतली आहे. पण आज घर बांधताना ही नोंद सर्वांत शेवटी होते. पायासाठी आपण मुहूर्त पाहतो, स्लॅबच्या दिवशी स्वतः उभे राहतो, फरशीचा रंग ठरवायला सारे कुटुंब तालुक्याच्या गावी जाते. घरातील आतल्या दारांचा विषय मात्र ‘दुकानातून पल्ले आणा आणि सुताराकडून लावून घ्या’ एवढ्या एका वाक्यात आटोपतो.

वास्तविक भिंत, खिडकीची जाळी, ओटा, फरशी या गोष्टी एकदा बसल्या की स्थिर राहतात. रोज हलणारा घराचा भाग म्हणजे दार. झोपण्याच्या खोलीचे एक दार दिवसातून वीस वेळा उघडले, असे धरले तरी वर्षाला ७,३०० वेळा आणि वीस वर्षांत १,४६,००० वेळा ते फिरते. इतके काम करणारी वस्तू केवळ उंची लाकडाने टिकत नाही. ती कशी बसवली आहे यावर तिचे आयुष्य ठरते. बँकेतील नोकरीच्या काळात गृहकर्जाच्या निमित्ताने अनेक अपुरी आणि पुरी घरे पाहिली. त्या अनुभवातून आणि जाणत्या सुतारांशी झालेल्या बोलण्यातून जे उमगले, ते वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

नेमगिरीच्या दर्शनासाठी जिंतूरला येणाऱ्या वाचकांपैकी काहींनी तेथून जालन्याच्या दिशेने जाताना चारठाणा पाहिले असेल. परभणी जिल्ह्यातील जिंतूर तालुक्याचे हे गाव तेथील मध्ययुगीन मंदिरे, बारव आणि उंच कोरीव स्तंभ यांसाठी अभ्यासकांना परिचित आहे. दाराचा विचार करणाऱ्याने अशा मंदिरांची दगडी द्वारचौकट अवश्य पाहावी. खाली उंबरठा, दोन्ही बाजूंना एकमेकींना समांतर कोरलेल्या पट्ट्या म्हणजे द्वारशाखा, वर आडवी शिळा आणि तिच्या मध्यभागी ललाटबिंब, अशी तिची रचना असते. तिच्यात लाकडी चौकटीचेच सारे अवयव दगडात उतरलेले दिसतात. शतके लोटल्यावरही अशी चौकट ओळंब्यात उभी असेल, तर त्याचे श्रेय नक्षीपेक्षाही आधी पायाच्या समतेला आणि सांध्यांच्या नेमकेपणाला द्यावे लागते.

मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरांतही हीच शिस्त होती. जाड भिंती, ठेंगणी पण भक्कम चौकट, सागवानाची किंवा परिसरातील बाभूळ-कडुनिंबाची फळी. लोखंडी बिजागरी सर्वत्र नव्हती. फळीच्याच लाकडाचे वर आणि खाली काढलेले गोल खुंट चौकटीतील खळग्यांत फिरत. आतली दारे थोडी असत. माजघर, देवघर, कोठी यांच्यामध्ये बहुधा नुसती चौकट असे. बलुतेदारीत सुताराला सुगीच्या वेळी धान्य मिळे आणि त्याबदल्यात औत, तिफण, गाडीचे चाक यांसोबत दाराचीही देखभाल तो वर्षभर करी. पावसाळ्यात दार अडकले, तर त्याला निरोप जाई आणि तो येई. दार लावणारा आणि त्याची पुढे काळजी घेणारा माणूस एकच होता. बलुतेदारीत दोषही पुष्कळ होते. सुताराचा मोबदला आणि मान दोन्ही इतरांच्या मर्जीवर असत. ती पद्धत परत यावी, असे कोणी म्हणणार नाही. तिच्यासोबत ही दुसरी भेट मात्र नाहीशी झाली, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आज चारठाण्यासारख्या गावातही विटा-सिमेंटचे घर उभे राहते, तेव्हा त्यात तीन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर, शौचालय आणि देवघर धरून सहज सहा-सात आतली दारे येतात. पल्ले जिंतूर, परभणी किंवा जालन्याच्या दुकानांतून तयार मिळतात. सुतार एक-दोन दिवसांत सर्व दारे लावतो, नगावर मजुरी घेतो आणि पुढच्या कामाला जातो. हे काम बहुतेक वेळा घराच्या अगदी शेवटी येते. बँका गृहकर्ज टप्प्याटप्प्याने देतात: पाया, स्लॅब, भिंती, गिलावा आणि सरतेशेवटी उरलेली कामे. तोवर मालकाची स्वतःची पुंजी आणि सबुरी दोन्ही आटलेली असतात. वास्तूच्या जेवणाची तारीख ठरलेली असते. सर्वांत जास्त नेमकेपणा मागणारे काम सर्वांत घाईच्या वेळी होते, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी एकच ओळ असते.

या घाईत काय बिघडते, हे समजण्यासाठी लाकडाचा स्वभाव जाणून घ्यावा लागेल. झाड तोडले, फळी झाली, तिच्यावर पॉलिश चढले, तरी लाकूड हवेतील ओलावा घेत आणि सोडत राहते. लांबीच्या दिशेने त्यात जवळजवळ फरक पडत नाही. रुंदीच्या दिशेने पडतो. सागवान हे यातले सर्वांत संयमी लाकूड मानले जाते. तरीसुद्धा त्याच्या एक फूट रुंद फळीतील ओलाव्याचे प्रमाण पाच टक्क्यांनी वाढले, तर ती सुमारे तीन मिलिमीटर रुंद होऊ शकते. फळी कशी चिरली आहे त्यानुसार हा आकडा कमी होतो. तीन मिलिमीटर म्हणजे सुताराच्या भाषेत एक सूत, इंचाचा आठवा भाग.

आपल्या भागात वैशाखात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो आणि हवा कोरडीठाक होते. दोन महिन्यांनी आषाढ-श्रावणात कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत. भारतीय मानक संस्थेने लाकडातील ओलाव्याच्या मर्यादा ठरवताना हवेच्या आर्द्रतेनुसार देशाचे चार विभाग केले आहेत, ते याचसाठी. घरातील दारांसाठी साधारण १० ते १२ टक्के ओलाव्याचे, नीट सुकवलेले लाकूड योग्य समजले जाते. पण उत्तम सुकवलेले लाकूडसुद्धा चातुर्मासात थोडे फुगणार आणि होळीनंतर थोडे आकसणार. हा दोष नसून लाकडाचा धर्म आहे.

जुन्या कारागिरांनी यावर उपाय शोधला, तो पॅनेलच्या दाराचा. चार-पाच इंच रुंदीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या कुसू आणि खाच यांनी जोडायच्या, आणि मधली फळी पट्ट्यांच्या आतील खाचेत नुसती बसवायची. तिला खिळा किंवा सरस लावायचा नाही. फळी आतल्या आत फुगते, आकसते. बाहेरचे माप फारसे बदलत नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या फ्लश दारात वेगळी युक्ती आहे. लाकडाचे पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर दुसऱ्याला फुगू देत नाही. मात्र कापलेल्या कडेतून पाणी आत शिरले की हे थर सुटू लागतात. दोन्ही प्रकार चांगले आहेत. दोन्हींची बसवणी मात्र वेगळी समज मागते.

चांगली बसवणी चौकटीपासून सुरू होते. चौकट उभी करताना दोन दिशांनी ओळंबा आणि वर-खाली पाणसळ लावून पाहावी. त्यानंतर एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले, तरच चौकट काटकोनात आहे. या मोजणीला पाच मिनिटे लागतात. चौकट वाकडी असेल, तर पुढे कितीही कसबी सुतार आला तरी त्याला पल्ला तिरपा रंधून तो दोष झाकावा लागतो. प्रत्येक बाजूला पोलादी होल्डफास्ट भिंतीत पक्के गाडलेले असावेत. चौकटीचा जो भाग भिंतीला टेकणार, त्याला आधीच रंगाचा हात द्यावा. नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही. फरशीची अंतिम पातळी किती येणार, हेही गवंडी आणि सुतार यांनी समोरासमोर बसून ठरवावे. अनेक घरांत हे न ठरल्यामुळे नवी दारे खालून कापावी लागतात.

पल्ला लावताना वर आणि दोन्ही बाजूंना साधारण एक सूत फट ठेवतात. खाली फरशीसाठी त्याहून थोडी अधिक. पुष्कळ मालक फट दिसली की नाराज होतात आणि ‘चपखल’ बसवण्याचा आग्रह धरतात. मे महिन्यात चपखल बसलेले दार ऑगस्टमध्ये अडकते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. फट ही सुताराची कसूर नसते. पावसाळ्यासाठी राखून ठेवलेली ती जागा असते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर ती गंगाजळी आहे. एरवी निरुपयोगी वाटते आणि अडचणीच्या दिवशी कामाला येते.

बिजागऱ्यांचा हिशेबही साधा आहे. दोन मीटर उंच, ९० सेंटीमीटर रुंद आणि ३० मिलिमीटर जाड असा भरीव पल्ला सुमारे ३० किलोंचा भरतो. त्याचे वजन चौकटीपासून लांब लोंबकळत असल्याने वरच्या बिजागरीला ते सतत आठ-नऊ किलोंच्या जोराने बाहेर ओढते. म्हणून अशा दाराला दोन नव्हे, तीन बिजागऱ्या हव्यात. वरची आणि खालची टोकापासून साधारण वीस सेंटीमीटरवर, तिसरी मध्ये. बिजागरीच्या पानाची जाडी मोजून तेवढीच खाच पटाशीने घ्यावी. खाच उथळ झाली तर दार मिटत नाही, खोल झाली तर बिजागरीवर ताण येतो. आणि स्क्रू हा पिळून बसवायचा असतो. आधी बारीक भोक पाडून, मग फिरवून. घाईत तो हातोडीने ठोकला जातो. ठोकलेला स्क्रू त्या दिवशी घट्ट दिसतो, पण त्याने लाकडाचे तंतू फाडलेले असतात. वर्षभरात तो सैल होतो, पल्ला खाली झुकतो आणि फरशीवर अर्धगोल ओरखडा उमटतो. पुष्कळ घरांत दिसणारा तो अर्धगोल म्हणजे ठोकलेल्या स्क्रूची सही समजावी.

तयार फ्लश दार कापण्यालाही मर्यादा आहे. त्याच्या कडेला आत भरीव लाकडाची पट्टी असते आणि बिजागरीचे स्क्रू तिलाच धरून असतात. माप चुकले म्हणून ही कड मोठ्या प्रमाणात कापली, तर स्क्रूला पकड उरत नाही. म्हणून गिलावा झाल्यानंतर प्रत्येक चौकटीचे माप वेगवेगळे घेऊनच पल्ले मागवावेत. रंधलेल्या किंवा कापलेल्या प्रत्येक कडेला, विशेषतः कोणालाही न दिसणाऱ्या वरच्या आणि खालच्या कडेला, रंग किंवा वॉर्निश लागलेच पाहिजे. ओलावा बहुधा तेथूनच आत शिरतो.

इथवरचा मजकूर एखाद्याला केवळ टापटिपीचा वाटेल. परंतु आतल्या दारावर याहून मोठी गोष्ट अवलंबून असते. एका तालुक्याच्या गावी परिचित कुटुंबातील ऐंशीच्या घरातील आजी श्रावणात न्हाणीघरात गेल्या आणि चक्कर येऊन दारालगत बसल्या. आतून कडी लावलेली, फुगलेले दार चौकटीत गच्च बसलेले आणि दार आतल्या बाजूला उघडणारे. बाहेरून ढकलावे तर पल्ला आजींच्या अंगावर. घरी सून एकटी होती. शेजाऱ्यांनी वरची झडप काढून एका मुलाला आत उतरवले, तेव्हा आजी बाहेर आल्या. त्यांना फार दुखापत झाली नाही. पण त्या अर्ध्या तासाची भीती त्या कुटुंबाच्या मनातून अद्याप गेलेली नाही.

आज गावोगावी मुले पुण्या-मुंबईला आणि आईवडील मूळ घरी, अशी स्थिती आहे. अशा घरांत न्हाणीघराचे आणि शौचालयाचे दार बाहेरच्या बाजूला उघडणारे असावे. जागेअभावी ते शक्य नसेल, तर बाहेरून नाण्याने किंवा पेचकसाने उघडता येईल अशी कडी लावावी. ती बाजारात सहज मिळते. सततच्या पाण्याच्या जागी लाकडी पल्ल्याचा हट्ट धरू नये; तेथे पीव्हीसी किंवा फायबरचा पल्ला योग्य. सुगम्यतेविषयीच्या केंद्र सरकारच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत दाराचा मोकळा मार्ग किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फुटांच्या आसपास असावा, असे सांगितले आहे. आपल्याकडे न्हाणीघराला अडीच फुटी दार लावण्याची प्रथा आहे. पल्ल्याची जाडी वजा जाता त्यातून चाकांची खुर्ची जेमतेमच निघते, कधी निघतही नाही. बांधकामाच्या वेळी चौकट सहा इंच रुंद करण्याचा खर्च किरकोळ असतो. नंतर भिंत फोडून करण्याचा मोठा. आतल्या खोल्यांना उंच उंबरठाही नसावा. अर्ध्या इंचाची अडचणसुद्धा वृद्ध पावलांना पुरेशी असते.

वाळवीविषयी आपल्या वाचकांना विशेष आस्था असणार. वाळवी लागल्यावर औषध मारणे म्हणजे असंख्य जिवांचा घात. ती लागूच नये याची तजवीज बांधताना करणे, यालाच आपण जयणा म्हणू. चौकटीचे लाकूड थेट मातीत गाडू नये. तिच्या पायाशी दगडाचा किंवा काँक्रीटचा आधार द्यावा. पांढरे, रसाळ लाकूड टाळून पक्व गाभ्याचे घ्यावे. भिंतीतील गळती वेळीच थांबवावी, कारण ओल असेल तेथेच वाळवी येते. कोरडी, हवेशीर आणि बंद सांध्यांची चौकट हे तिला केलेले सर्वांत अहिंसक निवारण आहे.

पावसाळ्यात दार अडकले, तर लगेच रंधा मागवू नये. आधी हँडल धरून पल्ला वर उचलून पाहावा. तो हलला, तर दोष फुगण्याचा नसून सैल बिजागरीचा आहे. स्क्रू काढून भोकात सरस लावलेली लाकडाची बारीक काडी ठोकावी, ती वाळल्यावर स्क्रू पुन्हा पिळावा. पल्ला हलत नसेल, तर तो फुगला आहे. दिवाळीपर्यंत धीर धरावा. श्रावणात भरपूर रंधलेल्या दाराला चैत्रात बोटभर फट पडते आणि गेलेले लाकूड परत लावता येत नाही. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की सुताराला बोलावून कोठे घासते ते पाहावे, लागेल तेवढेच रंधावे आणि त्या कडेला पुन्हा रंग द्यावा.

यावरूनच या लेखाचा मुख्य आग्रह ठेवतो. दार दोनदा बसवावे लागते: एकदा घर बांधताना आणि एकदा पहिला पावसाळा सरल्यावर. बलुतेदारीतील सुतार ही दुसरी भेट न सांगता देत असे. आज ती अंदाजपत्रकात लिहून द्यावी लागेल. घर बांधणाऱ्याने सुताराशी ठरवताना ‘दारे बसवणे’ आणि ‘दिवाळीनंतरची फेरी’ अशा दोन ओळी लिहाव्यात आणि दुसऱ्या ओळीचे पैसेही वेगळे ठरवावेत. तिच्यात स्क्रू कसणे, घासणारी कड रंधणे, कड्या जुळवणे एवढेच काम असते. सहा-सात दारांना एक दिवस पुरतो. ‘काम नीट केले असते तर परत यावे का लागले असते?’ हा प्रश्न अन्यायाचा आहे. पाऊस सुताराने पाडलेला नसतो.

यात कारागिराचाही विचार आहे. नगावर मजुरी मिळते, तेव्हा जो अधिक दारे लावील त्याला अधिक पैसे; जो ओळंबा, पाणसळ, कर्ण पाहील त्याचा तोटा. आपणच घाईला बक्षीस देतो आणि मग कसब राहिले नाही अशी तक्रार करतो. केंद्र सरकारने १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू केलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे. प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य, आणि तारणाशिवाय पहिल्या टप्प्यात १ लाख व नंतर २ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, अशी तिची रूपरेषा आहे. आपल्या ओळखीच्या सुतारापर्यंत ही माहिती पोहोचवणे आणि अर्जाची कागदपत्रे जुळवून देणे, हे सुशिक्षित कुटुंबाला सहज करता येण्यासारखे काम आहे. विजेवर चालणारा चांगला पेचकस हाती आला, तर हातोडीने स्क्रू ठोकण्याची गरजच उरत नाही.

लाकूड आणि कसब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे एक ठळक उदाहरण अलीकडचे आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी सागवान आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूरहून २०२३ मध्ये गेले. ती दारे घडवण्यासाठी कारागीर मात्र तामिळनाडूतून आले. उत्तम सागवान महाराष्ट्रात आहे, मराठवाड्यात किनवटच्या रानातही आहे. त्याला न्याय देणारे हात आपल्या गावात टिकवायचे असतील, तर त्या हातांच्या वेळेची किंमत मोजावी लागेल.

नव्या घराचा ताबा घेताना प्रत्येक आतले दार अर्धे उघडून सोडून द्यावे. ते सोडले तेथेच थांबले, आपोआप मिटले किंवा उघडले नाही, तर चौकट ओळंब्यात आहे. फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली, तर बिजागऱ्या नेमक्या आहेत. एका बोटाने ढकलल्यावर ते आवाज न करता मिटले आणि कडी न उचलता बसली, तर सुताराला त्याच्या नावाने हाक मारून दाद द्यावी आणि दिवाळीनंतरच्या फेरीची तारीख त्याच्याच समोर दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी.